पंच म्हणून सही करताना

आपल्या देशात आज ज्यूरीचे बोलावणे कुणाला येत नाही. अमेरिकेत ते येते, आणि तिथला काळा नागरिक ते पत्र हातात घेऊन विचारात पडतो: ज्या न्यायालयांनी माझ्या माणसांना वर्षानुवर्षे न्याय नाकारला, तिथे मी न्याय करायला जाऊन बसू काय? आपल्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. दार वाजते. बाहेर पोलीस शिपाई उभा असतो. 'सर, पंच पाहिजेत, जरा चला,' असे म्हणतो.

२०२२ च्या पावसाळ्यात प्रताप नगरातल्या माझ्या घराचे दार असे वाजले. मी गेलो आणि सहीही केली. त्या सहीबद्दल आमच्या अभ्यासमंडळातल्या विद्यार्थ्यांनी मला बरेच सुनावले. त्यांना तोंडी जे नीट सांगता आले नाही ते इथे मांडतो. कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

पंच म्हणजे कोण, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. पोलीस घराची झडती घेतात, वस्तू जप्त करतात, घटनास्थळाची पाहणी करतात, तेव्हा त्यांच्याशी संबंध नसलेली दोन माणसे सोबत ठेवण्याची रीत आहे. झडतीच्या बाबतीत तर तो कायदाच आहे. कागदावर लिहिले तसेच प्रत्यक्षात घडले, याचे ते साक्षीदार. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १०० मध्ये ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्ये ती कायम आहे. पंच हे त्या भागातले 'स्वतंत्र आणि प्रतिष्ठित' रहिवासी असावेत, असे कायदा म्हणतो. लेखी आदेश दिल्यावरही योग्य कारणाशिवाय नकार दिला तर तो गुन्हा ठरतो.

'प्रतिष्ठित' या शब्दाचे मला हसू आले. मी मूळचा इंदोऱ्याचा. नोकरी लागल्यावर कॉलेज जवळ पडावे म्हणून या बाजूला खोली शोधत होतो, तेव्हा दोन घरमालकांनी आधी आडनाव विचारले आणि मग खोली कालच गेली असे सांगितले. आडनावामुळे ज्याला भाडेकरू होता आले नाही, तो सहीपुरता प्रतिष्ठित झाला. शिपायाने दारावरच्या पाटीवरचे 'प्रा.' तेवढे वाचले असावे, त्यापुढचे वाचले नसावे.

त्याच क्षणी मला आजोबा आठवले. ते उमरेड तालुक्यातल्या एका खेड्यात कोतवाल होते. आमच्या भागात कोतवालकी बहुधा महाराकडे असे. गावाच्या शिवेचा वाद निघाला की महाराचा शब्द प्रमाण मानण्याची जुनी रीत होती, कारण शीव त्याच्याइतकी कुणी तुडवलेली नसे. परंतु निवाड्याला बसणाऱ्या पंचांत त्याला जागा नव्हती. पोलीस गावात आले की आजोबांना बोलावणे येई. कागद आधीच लिहून तयार असे. आजोबा त्यावर अंगठा उठवत आणि घरी येऊन राखेने शाई घासून काढत. त्या कागदांत काय लिहिले होते आणि त्यामुळे कुणाचे काय झाले, हे त्यांना कधीच कळले नाही. पुढे वडील एम्प्रेस मिलमध्ये लागले आणि मी घरातला पहिला पदवीधर झालो. मी सहीसाठी पेन उचलतो तेव्हा आजोबांचा तो शाई लागलेला अंगठा डोळ्यांपुढे असतो.

न्यायव्यवस्थेवरचा माझा अविश्वास पुस्तकातून आलेला नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांची हत्या झाली, तेव्हा मी नुकताच कॉलेजात गेलो होतो. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. दोन्ही न्यायालयांत अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोष सिद्ध झाला नाही. चार माणसे मेली हे मान्य झाले. जातीमुळे मेली हे मात्र मान्य झाले नाही.

त्याच्याही आधी, १३ ऑगस्ट २००४ रोजी, नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार केले. कस्तुरबा नगरातल्या बायकांनी त्याच्या अत्याचारांविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रारी केल्या होत्या आणि त्या कुणी ऐकल्या नव्हत्या. खून भरदिवसा, न्यायालयाच्याच इमारतीत झाला. तरी २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायका सुटल्या याचे मला दुःख नाही. परंतु ज्या शहरात लोकांना न्याय मागण्याची ही एकच वाट उरली, त्या शहराच्या न्यायाबद्दल काय बोलावे? आणि आकडे पाहायचे तर, २०२२ च्या सरकारी अहवालाप्रमाणे देशाच्या तुरुंगांतल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के होते. कच्च्या कैद्यांत ते एक-पंचमांशाच्या आसपास आहे.

मग सामान्य नागरिकांच्या हाती न्याय दिला तर तो अधिक खरा होतो काय? इतिहास तसे सांगत नाही. आपल्याकडेही ज्यूरी होती. १९०८ मध्ये मुंबईत टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला सात युरोपियन आणि दोन पारशी अशा नऊ जणांच्या ज्यूरीपुढे चालला आणि सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. १९५९ मध्ये नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. कायदा आयोगाने १९५८ मध्येच ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती आणि १९७३ च्या संहितेत तिला स्थान उरले नाही. अमेरिकेत १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभरात आरोपींना सोडून दिले, आणि पुढच्याच वर्षी त्या आरोपींनी एका मासिकाला पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. तेव्हा ज्यूरी असो की पंच, खरा प्रश्न त्या जागेवर कोण बसतो आणि कुणाला बसू दिले जात नाही, हा आहे.

आता त्या दिवसाकडे वळतो. जवळच्या वस्तीतला, गाड्या धुणारा एकोणीस वर्षांचा मुलगा. एका फ्लॅटमधून मोबाइल चोरल्याचा त्याच्यावर आरोप. दुसरा पंच एक दुकानदार होता. त्याला शटर उघडे टाकून आल्याची काळजी. चार घरांना सामाईक अशा टिनाच्या छपराखाली एक फळी होती. तिच्यावर जुन्या डब्यांच्या मागे मोबाइल सापडला. हे मी डोळ्यांनी पाहिले. हवालदारांनी पंचनामा लिहिला आणि सहीसाठी पुढे केला. दुकानदाराने न वाचता सही केली. मी वाचू लागलो. आरोपीच्या राहत्या घरातून, त्याच्या ताब्यातून, असे लिहिले होते.

'फळी घरात नाही, बाहेर आहे. चार घरांची आहे. तसे लिहा,' मी म्हणालो.

'सर, एवढ्यानं काय फरक पडते?'

'फरक पडत नसेल तर लिहायला हरकत नसावी.'

हवालदार चिडले. फौजदार तरुण होते. ते फळीजवळ जाऊन पुन्हा पाहून आले आणि नाराजीने का होईना, दुसरा कागद घ्यायला सांगितला. तो पूर्ण वाचून मी सही केली. निघताना मुलाच्या आईने मला विचारले, 'तुमी बी त्यायचेच का, सर?' मला उत्तर देता आले नाही.

मुलाने चोरी केली की नाही, हे मला ठाऊक नाही. पंचाला ते ठाऊक असण्याची गरजही नाही. काय दिसले, कुठे दिसले, कुणासमोर दिसले, एवढेच त्याने सांगायचे असते. मुलगा सात महिने कच्चा कैदी म्हणून आत राहिला. २०२५ मध्ये मला समन्स आले. दोन तारखा वाया गेल्या, तिसऱ्या तारखेला साक्ष झाली. बचावाच्या वकिलांनी विचारले, 'फळी सामाईक आहे हे कुणाच्या सांगण्यावरून लिहिले?' मी म्हणालो, 'माझ्या.' निकाल अजून लागायचा आहे. ती ओळ नसती तर वकिलांना हा प्रश्नच विचारता आला नसता.

अभ्यासमंडळातल्या एका विद्यार्थिनीचा आक्षेप असा होता, की सर, तुम्ही सही करून या व्यवस्थेला मान्यता दिलीत. तुमच्यासारख्या माणसाची सही असल्यामुळे पोलिसांचा कागद अधिक वजनदार झाला. हा आक्षेप खोटा नाही. माझी सही आरोपीच्या विरुद्धही वापरली जाईल. न्यायासाठी म्हणून उभ्या केलेल्या चौकटीत आपला उपयोग शोभेसाठी केला जातो, हेही आपण अनेकदा पाहिले आहे.

तरीही मी महाडकडे पाहतो. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर न्यायालयाचा मनाईहुकूम आला. बाबासाहेबांनी जमलेल्या हजारो लोकांना समजावून सत्याग्रह स्थगित केला आणि तो दावा पुढे जवळजवळ दहा वर्षे लढवला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. न्यायालयावर भाबडा विश्वास होता म्हणून त्यांनी हे केले, असे कोण म्हणेल? त्याच परिषदेत, २५ डिसेंबरला, मनुस्मृती जाळली गेली. त्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात साक्षीचेही नियम आहेत: द्विजांचे साक्षीदार द्विज, अंत्यजांचे साक्षीदार अंत्यज. म्हणजे आपण फक्त आपल्यातल्याच भांडणांपुरते खरे बोलू शकतो. इतरांच्या बाबतीत आपल्या डोळ्यांना दिसलेले ग्राह्य नाही. तो ग्रंथ जाळल्यावर मिळालेल्या अधिकारांत, कुणाच्याही खटल्यात साक्ष देण्याचा अधिकार हा एक आहे. तो आपण आपण होऊन परत करावा काय?

आपण गेलो नाही तर ती जागा रिकामी राहत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. तिथे सराईत पंच येतो, ज्याला ठाण्यातला चहा ओळखीचा असतो. खेड्यात तर गावातल्या वजनदार घरांतली माणसे येतात आणि खटला उभा राहिला की फितूर होतात. २८ एप्रिल २०१४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावी नितीन आगे या सतरा वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याला शाळेच्या आवारातून मारत नेल्याचा आरोप होता. २०१७ मध्ये आरोपी सुटले, कारण एकामागून एक साक्षीदार उलटले. त्यांत शाळेतले शिक्षकही होते. मी स्वतः शिक्षक आहे. ही गोष्ट मला खैरलांजीच्या निकालाइतकीच टोचते. तिथे व्यवस्था म्हणजे दूरची कुणी नव्हती. हातात खडू धरणारी माझ्याच पेशाची माणसे होती.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. कोऱ्या कागदावर सही करू नये. आधीच लिहून ठेवलेल्या पंचनाम्यावर, किंवा जे आपल्यासमोर घडले नाही त्यावर, सही करू नये; असा नकार म्हणजे कर्तव्य टाळणे नव्हे, कर्तव्य करणेच होय. सबंध मजकूर वाचावा, वेळ आणि ठिकाण तपासावे, खाडाखोडीवर लक्ष ठेवावे. ज्याच्या घराची झडती आहे त्याला हजर राहण्याचा आणि जप्तीच्या यादीची प्रत मिळण्याचा हक्क आहे. तो त्याला सांगावा, कारण बहुतेकांना तो माहीत नसतो. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचे आणि जप्तीचे चित्रीकरण व्हायला हवे. ते होत आहे का हे विचारावे. घरी आल्यावर पाहिलेले सर्व त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. तीन वर्षांनी समन्स येते तेव्हा आठवण पुसट झालेली असते. अत्याचाराच्या गुन्ह्यांत कार्यकर्त्यांनी पंच कोण आहेत हे पहिल्याच दिवशी पाहावे आणि आरोपींच्या नात्यागोत्यातले पंच असतील तर लेखी हरकत नोंदवावी. १९८९ च्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. साक्षीदाराला संरक्षण आणि प्रवासखर्च मागता येतो. तो मागावा.

एवढ्याने न्याय मिळेल, असे मी म्हणत नाही. मुलाच्या आईचा प्रश्न अजून माझ्यापाशी आहे. मी त्यांचा नाही, हे मी तिला शब्दांनी पटवून देऊ शकत नाही. पण त्या पंचनाम्यात फळी सामाईक असल्याची एक ओळ आहे, आणि ती वाचून सही केलेली आहे. आजोबांना एवढे करता आले नसते. पुढच्या वेळी दार वाजेल तेव्हा मी चष्मा घेऊन जाईन.