विराकोचा : सूर्य घडवणारा भटक्या
इंका लोकांचा सूर्यदेव इंती अनेकांना ऐकून माहीत असतो. त्या सूर्यालाही घडवणारा विराकोचा मात्र मागेच राहतो. कथेप्रमाणे त्याने आधी अंधारातच अवाढव्य माणसे घडवली. ती ऐकेनात, तेव्हा काहींचे दगड केले, बाकीची पुरात बुडवली. मग टिटिकाका सरोवरातून सूर्य, चंद्र, तारे वर काढले. तिवानाकू या ठिकाणी त्याने पुन्हा माणसे घडवली आणि प्रत्येक जमातीचा पोशाखसुद्धा रंगवून दिला! ही माणसे जमिनीखालून गेली नि गुहांतून, झऱ्यांतून आपापल्या मुलखात वर आली. म्हणून अँडीज पर्वतांतल्या कितीतरी जमाती आपले मूळ एखाद्या झऱ्यात किंवा गुहेत सांगत.

देव स्वतः फाटक्या वेशात, काठी टेकत हिंडला. काचा नावाच्या गावातल्या लोकांनी त्याच्यावर शस्त्र उगारताच आकाशातून आग बरसली. तिथे, आजच्या राक्चीत, त्याच्या मंदिराची उंच भिंत अजून उभी आहे. शेवटी तो समुद्रावरून चालत निघून गेला.

इंकांची लिपी नव्हती. हुआन दे बेतान्सोससारख्या स्पॅनिशांनी १५५० नंतर या कथा लिहून काढल्या. त्यामुळे पुराच्या गोष्टीत बायबलचा रंग किती मिसळला, ही शंका येतेच.