जुन्या हेडफोनचा माइक

कानात घालायच्या हेडफोनमधून गाणी ऐकू येतात, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच हेडफोनला आपलं बोलणंही ऐकू येतं, हे तुम्हाला माहीत आहे का? मलाही नव्हतं. ते कसं कळलं ते सांगतो.

आमच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर सांगलीकडे ऊसतोडीला गेली. ती पाडव्याच्या सुमारास परत येईल. जाताना म्हणाली, "तुम्ही पुढचे धडे शिकाल, मी मागंच राहीन." म्हणून आम्ही ठरवलं की, बालभारतीचे धडे मोठ्यानं वाचून आवाज भरायचा आणि तिच्या वडिलांच्या मोबाइलवर पाठवायचा. पण आमच्या घरचे मोबाइल दिवसा रानात जातात. गुरुजींचा मोबाइल शाळेच्या कामात गुंतलेला. शाळेत संगणक आहे, पण त्याला माइक नाही.

गुरुजी म्हणाले, "घरी जुना हेडफोन असेल तर आणा." मी दादाचा आणला. त्याचं उजवं बोंड वासरानं चावलेलं होतं. गुरुजींनी ते फोडून दाखवलं. आत एक पातळ पडदा होता. पडद्याला केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं चिकटवलेलं, आणि मागे गोल लोहचुंबक. मी टाचणी नेली तर टपकन चिकटली!

गाणं लागलं की तारेतून वीज येते. मग वेटोळं चुंबकाजवळ मागेपुढे हलतं, पडदा थरथरतो आणि आवाज होतो. आता उलटं बघा. आपण बोललो की हवा थरथरते. हलगी वाजली की छातीत कसं धडधडतं, तसंच. त्या हवेनं पडदा हलतो, वेटोळं हलतं आणि तारेत थोडीशी वीज तयार होते. हाच झाला माइक!

चुंबकाजवळ तार हलली की वीज तयार होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवलं. ते इंग्लंडमधल्या एका लोहाराचे पुत्र. त्यांना शाळा फार थोडी मिळाली. पुस्तकं बांधण्याच्या दुकानात काम करता करता तीच पुस्तकं वाचून ते शास्त्रज्ञ झाले. हे ऐकून मला आमच्या मैत्रिणीची आठवण झाली.

आता कृती सांगतो.
१) हेडफोनच्या पिनेवर दोनच काळ्या रेघा असाव्यात.
२) संगणकाला मागे रंगीत भोकं असतात. हिरव्यातून आवाज बाहेर येतो, गुलाबी माइकचं असतं. आम्ही आधी हिरव्यात पिन घातली, काहीच भरलं नाही. मग गुलाबीत घातली.
३) डावं बोंड तोंडाजवळ धरून बोलावं.
४) आवाज लई बारीक येतो. म्हणून संगणकात माइकचा आवाज पूर्ण वाढवावा आणि पंखा बंद करावा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हेडफोनची तार भिंतीतल्या विजेच्या बटणात कधीही घालू नये. जिवाला धोका आहे.

आम्ही पाळीपाळीनं तीन धडे वाचले. गुरुजींनी ते मोबाइलवर घेऊन पाठवून दिले. दोन दिवसांनी तिचा निरोप आला. तिनं कोपीवरून आपला आवाज भरून पाठवला होता. ती म्हणाली, "दुसरा धडा परत वाचा. मध्येच बोकड ओरडलं, तिथलं काही कळलं नाही." मग शेवटी तिनं तिसरा धडा स्वतः वाचून दाखवला. एकही चूक नव्हती!

तर मित्रांनो, घरातला जुना हेडफोन उकिरड्यावर टाकू नका. कोणाला तरी आपला आवाज ऐकायचा असतो.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी,
जि. प. प्राथमिक शाळा, ता. अंबड, जि. जालना