परमुलखांतील ठेव आणि महागाई
केवळ व्याजाचा आंकडा पाहून परमुलखांत ठेव ठेवणाऱ्या शेतकरीबंधूंपुढें आम्ही पैठणचेंच उदाहरण मांडतों. निजामी अंमलांत येथें हाली रुपया चाले, गोदावरीपलीकडे नगर जिल्ह्यांत कलदार. 7 हालीस 6 कलदार हा भाव बहुधा स्थिर, त्यामुळें वटावाची धास्ती थोडी. समजा, 1939 सालीं कोणीं 700 हालीचे 600 कलदार करून शेंकडा 2 व्याजानें पलीकडे ठेवले. 1943 अखेर त्यांचे सुमारें 650 झाले असते. परंतु युद्धामुळें घाऊक भाव तोंवर दुपटीहून वर गेले होते! अमेरिकेंतील मुलाच्या डॉलरांसही हाच हिशेब लावावा. जून 2022 मध्यें तेथील महागाई शेंकडा 9.1 होती. पैसा पैठणास आणून खर्चावयाचा असल्यास मात्र महागाई येथील धरावी, व डॉलरचा चढउतार निराळा मांडावा.