हवेचं माप खरं कशावरून?

मुलांनो, वाण्याच्या दुकानातलं एक किलोचं लोखंडी वजन कधी उलटं करून पाहिलंयत? तळाशी शिसं भरलेलं असतं आणि त्यावर वजनमाप खात्याचे शिक्के. शिक्काच नसेल, तर ते वजन खरं कशावरून म्हणायचं?

चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञांना हाच प्रश्न हवेबद्दल पडला होता. हवेत कार्बन डायऑक्साइड वायू किती आहे, हे त्यांना मोजायचं होतं. मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३४०० मीटर उंचीवर (आपल्या कळसूबाईच्या दुप्पट, बरं का!) त्यांचं यंत्र सुरू झालं. पहिला आकडा आला ३१३. म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत फक्त ३१३ भाग!

यंत्राची युक्ती सोपी होती. नळीतून हवा सोडायची आणि तिच्यातून अवरक्त किरण पाठवायचे. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेतो. वायू जास्त, तर पलीकडे किरण कमी. पाण्याची वाफही किरण शोषते, म्हणून हवा आधी गोठणबिंदूच्या खूप खाली थंड करून कोरडी करायची.

पण गंमत अशी, की यंत्राला आकडे येतच नाहीत! त्याची लेखणी कागदावर नुसती रेघ ओढते. रेघ वर गेली म्हणजे किती? ते सांगायला लागतात पोलादी सिलिंडर. त्यांच्यातल्या वायूचं प्रमाण आधीच माहीत असतं. एकात थोडं कमी, दुसऱ्यात थोडं जास्त. पुन्हा पुन्हा हे वायू यंत्रात सोडायचे, त्यांच्या रेघा पाहायच्या आणि बाहेरच्या हवेची रेघ त्यांच्यामध्ये कुठे पडते ते मोजायचं. यंत्र तापलं, जुनं झालं, की रेघ सरकते. सिलिंडर ती चोरी लगेच पकडतात.

जोडणी करतानाही डोळ्यांत तेल घालावं लागतं. सिलिंडरमधला दाब प्रचंड, म्हणून तोंडाशी दाब कमी करणारी झडप बसवायची. सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले, की गळती! नळीत उरलेली जुनी हवा पूर्ण निघून जाईपर्यंत वाट पाहायची. आणि जवळ श्वास सोडायचा नाही. आपल्या उच्छ्वासात दहा लाखांत सुमारे चाळीस हजार भाग कार्बन डायऑक्साइड असतो. बाटलीत हवेचा नमुना घेणारी माणसं तर चक्क श्वास रोखून धरतात.

आता तुम्ही विचाराल, सिलिंडरमध्ये किती वायू आहे, हे कुणी ठरवलं? शाबास! त्यासाठी कीलिंग यांनी कॅलिफोर्नियात काचेचं एक उपकरण बनवलं होतं. मोजून घेतलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड अतिशय थंड करून गोठवायचा, बाकीची हवा ओढून काढायची, मग त्या एकट्या वायूचा दाब पाऱ्याच्या उंचीवरून मोजायचा. काम किचकट आणि वेळखाऊ. पण त्याला पर्याय नव्हता, कारण त्या काळी वर्षाची वाढ दहा लाखांत जेमतेम एक भाग होती. माप एवढंसं जरी घसरलं असतं, तरी हवा बदलतेय की यंत्र, हेच कळलं नसतं!

पुढे एक चूक सापडलीच. सुरुवातीच्या सिलिंडरांत कार्बन डायऑक्साइड हवेत नव्हे, नुसत्या नायट्रोजनमध्ये मिसळलेला होता आणि त्यामुळे यंत्र थोडं वेगळं वाचत होतं. मात्र सगळ्या नोंदी जपलेल्या होत्या, म्हणून मागचे आकडे दुरुस्त करता आले. २०२४ सालची मौना लोआची सरासरी ४२४ च्या वर गेली.

गोव्यातल्या काबो द रामाच्या किनाऱ्यावरही १९९३ पासून बरीच वर्षं हवेचे नमुने बाटल्यांत भरले गेले. ते तपासले गेले ऑस्ट्रेलियात. तरी गोव्याचा आकडा हवाईच्या आकड्याशेजारी मांडता येतो. कारण जगभरच्या प्रयोगशाळा आपले सिलिंडर एकाच मूळ संचाशी ताडून घेतात. हा संच १९९५ पासून अमेरिकेत बोल्डर शहरातल्या प्रयोगशाळेकडे आहे.