अकरा महिन्यांचा फंडा

‘बॅचलर का फॅमिली?’ बारामतीत भाड्याचं घर शोधताना नाव विचारायच्या आधी हा प्रश्न येतो. भाडं, पाणी, पार्किंग सगळं त्यानंतर.

माझा मावसभाऊ लोणी भापकरचा. हो, पुष्करणी आणि यज्ञवराहाच्या शिल्पाचं तेच लोणी भापकर. तालुक्याचा जिरायती भाग. पोराला बारामती एमआयडीसीत नोकरी लागली, तेव्हा घरच्यांना वाटलं, बाइकवर जाऊन-येऊन करेल. सेकंड शिफ्ट सुटल्यावर अंधारातून गाव गाठणं पावसाळ्यापर्यंत निभलं. मग एका रात्री गाडीवरच डोळा लागला आणि थोडक्यात वाचला. मावशीनं फर्मान काढलं, ‘तिथंच खोली बघ.’ पुण्यात चार घरं बदललेली म्हणून सोबतीला मी.

भिगवण रोड, सूर्यनगरी, जळोची असा आमचा रविवार गेला. कंपन्यांची पोरं, विद्या प्रतिष्ठानचे विद्यार्थी, 2019 पासून मेडिकल कॉलेजवालेही. सगळ्यांना वन आरके हवाय. दोन ठिकाणी ‘फॅमिलीलाच देतो’ ऐकून परत फिरलो. तिसऱ्या घरी काकूंनी आधी मला न्याहाळलं. ‘ही कोण?’ ‘मावसबहीण, मोठी.’ मग चहा आला. महिना सहा हजार, डिपॉझिट वीस.

इथपर्यंत मस्त. काका म्हणाले, ‘पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू. अकरा महिन्यांचंच आहे, रजिस्टर करायला लागत नाही.’

हे वाक्य मी पुण्यातही ऐकलं होतं, आणि मान डोलावली होती. घर सोडताना ‘रंगाचे पैसे’ म्हणून अख्खं डिपॉझिट गेलं. लेखी काहीच ठरलं नव्हतं, भांडणार कशावर?

खरं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नसेल केली, तर वाद झाल्यावर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. थोडक्यात, नोटरीत जास्त रिस्क काकांचीच होती!

‘खर्च किती पण?’ काकांनी विचारलं. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, तीही एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर धरलेलं वर्षाला दहा टक्के व्याज, यावर. आमचा हिशेब दोनशेच्या आत बसला. शहरी भागातली नोंदणी फी हजार. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा पुरतो. एजंट घरी आला तर त्याचे वेगळे. काकांनी मुलाला फोन लावला, पाच मिनिटं बोलले आणि म्हणाले, ‘अर्धे-अर्धे करू.’

रंगरंगोटीचं काय, डिपॉझिट किती दिवसांत परत, नोटीस किती, हे मी करारात लिहून घेतलं. भाऊ लाजत होता, ‘ताई, बास की.’ मी तरी भिंतींचे फोटो काढलेच. खिडकीखाली ओल होती.

चावी देताना काकूंनी एकच नियम सांगितला: पाणी सकाळी येतं, नळ उघडा ठेवून झोपायचं नाही. पहिल्याच सेकंड शिफ्टनंतर पठ्ठ्या तेच करून झोपला.