फिरोदियांची तीन चाकं

पुण्याजवळच्या तळवड्याच्या कारखान्यांतून सुटे भाग लादून तीनचाकी टेम्पो निघाले, की मला नवलमल फिरोदिया आठवतात. शोधामागे अनेकदा एखादी सल असते. कॅनडात संशोधक बोंबार्दिए यांनी १९३७ मध्ये बर्फावर धावणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं. हिवाळ्यात बंद पडणाऱ्या रस्त्यांनी त्यांचं लेकरू हिरावलं होतं. अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक फिरोदिया यांना सलत होतं माणसानं माणसाला रिक्षातून ओढणं. स्वातंत्र्यानंतर त्यांनी इटलीची मालवाहू तीनचाकी आणून तिला प्रवासी वाहनाचं रूप दिलं. आपली ऑटोरिक्षा ती हीच.

तीनच चाकं का? तिवई ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, कारण तीन टेकू कायम एका प्रतलात येतात. शिवाय पुढे एकच चाक असल्यानं हँडल साधं राहतं आणि गल्लीबोळातही गाडी वळते. त्याची किंमतही आहे. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतची तिरपी रेषा गाडीच्या गुरुत्वमध्याजवळून जाते. म्हणून वळणावर वेग आवरला नाही तर रिक्षा कलंडते.

जुन्या रिक्षेत चालक पायाजवळचा दांडा खसकन वर ओढायचा आणि टू-स्ट्रोक इंजिन फटफटू लागायचं. प्रत्येक फेऱ्याला स्फोट, व्हॉल्व्हची भानगड नाही. कोपऱ्यावरचा मिस्त्रीही ते खोलायचा. पण न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल धुरासोबत बाहेर पडायचं. तो निळा धूर पुण्यानं वर्षानुवर्षं सोसला, हेही सांगायलाच हवं.

१९५८ मध्ये फिरोदियांनी जर्मन सहकार्यानं बजाज टेम्पो उभी केली. आकुर्डीची ती कंपनी आज फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते आणि चाकणला मर्सिडीजची इंजिनं बनवते.