लूपच्या आतला लूप

जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत, धुळे जिल्ह्यात ४. प्रत्येकाचे प्रत्येकापासूनचे अंतर संगणकाकडून मांडून घ्यायचे, तर पायथॉनमध्ये लूपच्या आत लूप लिहितात. बाहेरचा लूप चोपड्यावर थांबतो, आतला धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा फिरून येतो. मग बाहेरचा अमळनेरवर सरकतो. फेऱ्या १५ × ४ = ६०, आणि साऱ्या आवश्यक.

आता जळगावच्याच तालुक्यांमधील परस्पर अंतरे घ्या. दोन्ही लूप पूर्ण फिरवले तर २२५ फेऱ्या होतात. पण भुसावळ-रावेर आणि रावेर-भुसावळ अंतर एकच. आतला लूप बाहेरच्या तालुक्याच्या पुढच्या क्रमांकापासून सुरू केला, की १०५ फेऱ्या पुरतात.

शिष्यवृत्तीच्या यादीतून शाळेतले कोण सुटले, हे मुदतीपूर्वी शोधायचे असेल तर? १००० नावांच्या दोन याद्यांसाठी १० लाखांपर्यंत तुलना होतील. त्याऐवजी शिष्यवृत्तीच्या यादीचा आधी सेट करावा. सेटमध्ये नावावरूनच त्याची जागा काढली जाते. पहिल्यापासून शोधावे लागत नाही. सुमारे २००० कृतींत काम होते.

लूप लिहिण्यापूर्वी मुलांना विचारावे : यातली कोणती फेरी वाचवता येईल?